लडाखच्या सपाटीवर समोच्च रेषा न्यायची कुठून?

खारदुंग ला खिंडीतल्या फलकावर वर्षानुवर्षं १८,३८० फूट असा आकडा रंगवलेला होता. पुण्या-मुंबईहून बुलेटवर गेलेल्या कितीतरी मंडळींच्या घरी त्या फलकाशेजारी काढलेला फोटो आहे. १८,३८० फूट म्हणजे ५,६०२ मीटर. उपग्रहांच्या मदतीने मोजलं की हीच खिंड ५,३५९ मीटरच्या आसपास भरते. जवळजवळ अडीचशे मीटरचा घोळ, आणि तोही जिथे गाडी जाते, चहा मिळतो, सैन्याची ये-जा असते अशा जागी. मग जिथे गाडी पोचत नाही आणि माणूसही वर्षातले मोजके दिवस फिरकतो, त्या चांगथांगच्या पठारावर कुठली टेकडी किती उंच हे नकाशात कोणी आणि कशाच्या जोरावर लिहिलं?

चांगथांग म्हणजे पूर्व लडाखपासून तिबेटात शेकडो किलोमीटर आत पसरलेलं पठार. उंची साधारण साडेचार हजार मीटर किंवा त्याहून जास्त. मोसमी वारे हिमालयाच्या दक्षिणेकडच्या उतारावरच रिते होतात, पलीकडे पोचतो तो कोरडा वारा. लेहला वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला जुलैत तेवढा एका दिवसात पडतो. झाड नाही, ढग क्वचित, थंडी बोचरी, आणि हवा इतकी स्वच्छ की पन्नास किलोमीटरवरचं शिखर समोरच्या टेकडीमागे असल्यासारखं वाटतं.

अशा मुलखाचा स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे ट्रेकरांच्या भाषेत टोपोशीट, तयार करणं अवघड असणार हे कोणीही सांगेल. अवघड नेमकं काय, असं विचारलं तर बहुतेक जण डोंगरांकडे बोट दाखवतील. माझं मत उलटं आहे. डोंगर त्यातल्या त्यात सोपे. मोजणाऱ्याला छळते ती सपाटी. का ते कळायला आधी उंची मोजतात कशी हे बघावं लागेल.

उंची समुद्रावरून चालत येते

नकाशातली उंची समुद्रसपाटीपासूनची असते हे शाळेत शिकलोय. पण समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं. म्हणून बंदरात मोजपट्टी लावून वर्षानुवर्षं नोंदी घेतात आणि सरासरी काढतात. भारतात नऊ बंदरांवरच्या अशा नोंदी एकत्र करून १९०९ साली देशभरासाठी उंचीची पायाभूत पातळी ठरवली गेली. त्या नवांपैकी एक मुंबईचं अपोलो बंदर.

तिथून ही उंची आत न्यायची ती लेव्हलिंगने. अगदी आडवी धरलेली दुर्बीण मध्ये, मागे एक मोजपट्टी, पुढे एक. मागच्या पट्टीवरचा आकडा वजा पुढच्या पट्टीवरचा आकडा, की तेवढ्या टप्प्याचा चढ-उतार मिळाला. मग मागची पट्टी उचलून पुढे. एकेक टप्पा शंभर मीटरच्या आतबाहेर. अशाने हजारो किलोमीटर चालायचं. पद्धत कंटाळवाणी आहे, पण अचूकतेत तिला तोड नाही. अडचण एकच: तिला रस्ता लागतो. लडाखमध्ये लेव्हलिंग होतं ते रस्त्याच्या कडेकडेने. रस्ता सोडला की दुसरा उपाय शोधावा लागतो, आणि तो म्हणजे त्रिकोण.

त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या बाजू कागदावर निघतात. म्हणजे जमिनीवर एकच रेषा काटेकोर मोजायची आणि पुढचं सगळं दुर्बिणीतून कोन मोजून काढायचं. ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटला अशी सुमारे बारा किलोमीटरची रेषा मोजली आणि त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकू लागली. लॅम्बटन स्वतः हिमालयापर्यंत पोचला नाही. १८२३ च्या जानेवारीत काम चालू असतानाच त्याचा मृत्यू झाला, तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. वर्ध्याकडे जाणं झालं तर जरूर बघा, फारसं कोणी जात नाही.

ही साखळी काश्मीर आणि लडाखमध्ये नेण्याचं काम १८५५ मध्ये टी. जी. माँटगोमरी या ब्रिटिश सर्वेक्षकाच्या हाताखाली सुरू झालं आणि १८६४ पर्यंत चाललं. १८५६ मध्ये काश्मीरच्या हरमुख पर्वतावरून त्याने दूरच्या काराकोरममधली दोन शिखरं टिपली आणि वहीत के१, के२ अशी नावं लिहिली. त्यातलं दुसरं आजही त्याच नावाने ओळखलं जातं.

अंतर त्रिकोणातून मिळालं, शिखराकडे बघताना दुर्बीण किती वर उचलावी लागली तो कोन मोजला, की उंची निघते. पण मध्ये दोन भानगडी आहेत. पहिली, पृथ्वी गोल आहे. दहा किलोमीटरवरची वस्तू त्या गोलाईमुळे सुमारे ८ मीटर खाली गेलेली असते, पन्नास किलोमीटरवरची १९६ मीटर आणि शंभर किलोमीटरवरची ७८५ मीटर. अंतर दुप्पट तर खाली जाणं चौपट. याचं गणित पक्कं आहे, त्यामुळे ही भानगड निस्तरता येते. दुसरी जास्त वाईट. हवेतून येणारा प्रकाश सरळ येत नाही, किंचित वाकतो, आणि वस्तू आहे त्याहून उंच दिसते. किती वाकतो हे हवेच्या घनतेवर आणि थरांमधल्या तापमानावर अवलंबून. शंभर किलोमीटरवर हा परिणाम सहज शंभरेक मीटरचा होतो. आणि उंच वाळवंटात जमीन दुपारी तापते, रात्री गोठते, त्यामुळे तो तासागणिक बदलतो. उपाय म्हणून उभे कोन दुपारी घ्यायचे, कारण त्या वेळी हे वाकणं कमी आणि त्यातल्या त्यात स्थिर असतं. शिवाय शक्य तिथे दोन्ही टोकांवरून एकमेकांकडे बघून मोजायचं, म्हणजे चूक बरीचशी आपोआप कटते.

दोन्ही टोकांवरून मोजायचं म्हणजे दोन्ही टोकांवर माणूस हवा. इथे पुस्तकांत न येणारी माणसं दिसतात: खलाशी. सर्वेक्षणाच्या भाषेत सामान वाहणारे, झेंडे रोवणारे, आरशाने सूर्याची तिरीप दूरच्या दुर्बिणीकडे वळवणारे मदतनीस. १८६० मध्ये स्पितीतल्या शिला शिखरावर असाच एक खलाशी निशाणाचा खांब घेऊन चढला. शिखराची उंची सात हजार मीटरच्या वर नोंदली गेली आणि माणूस पोचलेली सर्वांत उंच जागा म्हणून शिला कित्येक वर्षं मिरवलं. पुढच्या मोजणीत ते ६,१०० मीटरच्या आसपास निघालं. विक्रम गेला. पण त्या काळात, त्या कपड्यांत, खांब खांद्यावर टाकून सहा हजार मीटर चढणं ही गोष्ट खोटी ठरत नाही. त्याचं नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही.

कागद जागेवरच भरायचा

त्रिकोणांनी मिळतात ती शिखरं, म्हणजे कागदावर विखुरलेले ठिपके. त्यांच्यामधली जमीन भरायची ती प्लेन टेबलने. तिपाईवर चित्रकाराचा असतो तसा सपाट फळा, त्यावर कागद, कागदावर आधीच टिपलेली शिखरं. सर्वेक्षक एखाद्या टेकाडावर फळा लावतो, कागदावरच्या तीन शिखरांवरून पट्टी ठेवून खऱ्या शिखरांकडे नेम धरतो. तीन रेषा जिथे एकत्र येतात तिथे तो उभा आहे. मग आसपासच्या ओढ्याचं वळण, सोंडेचं टोक, खिंड, झरा यांच्याकडे रेषा मारायच्या. पुढच्या टेकाडावरून त्याच गोष्टींकडे पुन्हा रेषा. छेद मिळाला की जागा मिळाली. समोरचा उतार डोळ्यांनी बघत, उंचीचे ठिपके जोडत समोच्च रेषा तिथल्या तिथे हाताने काढायच्या.

समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा. जवळजवळ आल्या तर चढ उभा, लांब गेल्या तर जमीन सपाट. सह्याद्रीच्या शीटवर कड्याशी त्या इतक्या दाटतात की तपकिरी पट्टाच दिसतो. आणि नेमकी इथेच माझ्या म्हणण्याची मेख आहे.

समजा उंची मोजण्यात १० मीटरची चूक झाली. ४५ अंशांच्या उतारावर या चुकीने समोच्च रेषा १० मीटर बाजूला सरकेल. ५०,०००ला १ या प्रमाणाच्या नकाशावर ते होतं एक पंचमांश मिलिमीटर, पेन्सिलीच्या रेघेइतकं. कोणाच्या लक्षातही येणार नाही. आता पठारावर या. समजा जमीन दर किलोमीटरला २ मीटर चढतेय. तीच १० मीटरची चूक इथे समोच्च रेषेला ५ किलोमीटर ढकलते. नकाशावर १० सेंटिमीटर! म्हणजे रेषा दुसऱ्याच खोऱ्यात, कधी शेजारच्या शीटवर.

आणि १० मीटरची चूक व्हायला काही मोठं करावं लागत नाही. सपाटीच्या मध्यावर फळा लावलेल्या सर्वेक्षकाजवळ नेम धरायला जवळपास काहीच नसतं. झाड नाही, देऊळ नाही, घराचा कोपरा नाही. ओढ्याचं पात्र बर्फ वितळताना दरवर्षी जागा बदलतं. चांगपा मेंढपाळांचे याकच्या केसांचे तंबू असतात, पण ते चराईबरोबर पुढे जातात. उरतं तीस किलोमीटरवरचं एखादं शिखर. त्याच्याकडे बघून आपली उंची काढायची तर कोनात एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची चूक सुमारे ९ मीटरची होते. साध्या उपकरणात कलेइतकी चूक ठरलेलीच.

मनाली-लेह रस्त्यावर पांगच्या पुढे मोरे मैदानं लागतात. सुमारे चाळीस किलोमीटर लांब, ४,७०० मीटरच्या आसपास. गाडीत बसून बघताना वाटतं, इथे नकाशात काढण्यासारखं आहेच काय? पण पाणी कुठून कुठे जातं, चिखल कुठे होईल, गाडी कुठून काढावी हे सगळं तिथल्या मीटर-दोन मीटरच्या फरकावर ठरतं. तेवढा फरक टिपणं शिखर मोजण्यापेक्षा कठीण.

एका बाबतीत मात्र निसर्गाने मोजणाऱ्यावर उपकार केलेत. मोरे मैदानांच्या पूर्वेला त्सो कार हे खारं तळं आहे, पाण्याची पातळी सुमारे ४,५३० मीटर. आसपासच्या उतारांकडे निरखून बघितलं तर तळ्याच्या खूप वर, टेकड्यांच्या अंगावर, एकाखाली एक आडव्या पट्ट्या दिसतात. हे जुने काठ. कधीकाळी तळं मोठं होतं. आटत जाताना ते जिथे जिथे थांबलं तिथे लाटांनी उतार खोदला आणि गोटे रचून ठेवले. एक पट्टी धरून टेकडीला वळसा घाला, पलीकडच्या सोंडेवर जा, उंची साधारण तीच. पाण्याने काढलेली समोच्च रेषाच ती, जमिनीवर. आजच्या तळ्याचा पृष्ठभागही तसाच कामाला येतो. काठावर एका ठिकाणी उंची पक्की केली की वारा नसलेल्या सकाळी ती तळ्याच्या दुसऱ्या टोकाला फुकटात मिळते. सपाट मुलखात यापेक्षा भरवशाची लेव्हल नाही.

उकळत्या पाण्यावरची उंची

जिथे दुर्बीण घेऊन उघडपणे जाताच येत नव्हतं तिथे काय? तिबेटची दारं परक्यांना बंद होती. माँटगोमरीने कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातल्या, तिबेटशी व्यापार असलेल्या कुटुंबांतली माणसं हेरली आणि डेहराडूनला त्यांना तयार केलं. त्यातले सर्वांत नावाजलेले मिलम गावचे शाळामास्तर नैनसिंग रावत. १८६५-६६ मध्ये ते ल्हासापर्यंत जाऊन आले. १८७४ मध्ये लेहहून निघून, पँगाँगवरून, चांगथांगची तळी ओलांडत पुन्हा ल्हासा आणि तिथून तवांगमार्गे आसामात उतरले. दोन हजार किलोमीटरहून अधिक, पायी.

त्यांच्या हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. सरावाने पाऊल ठरावीक लांबीचं केलेलं. शंभर पावलांना एक मणी. पूर्ण माळ म्हणजे दहा हजार पावलं, सुमारे आठ किलोमीटर. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद. आणि उंचीसाठी एक उष्णतामापक आणि पाणी उकळायला भांडं.

वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळतं. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश. लेहमध्ये ते ८८ अंशांच्या आसपास उकळतं, त्सो कारच्या काठी ८५ च्या. कुकरशिवाय तिथे डाळ शिजवायला बसलेल्याला हे वेगळं सांगायला नको. उलट दिशेने विचार केला तर पाणी कितीला उकळलं ते वाचा, उंची कळते. युक्ती झकास आहे, पण तिची धाव बघा. उष्णतामापक वाचण्यात अंशाच्या दहाव्या भागाची चूक झाली तर उंचीत ३० मीटर. शिवाय दाब हवामानानेही बदलतो: साडेचार हजार मीटरवर एका हेक्टोपास्कलचा (हे दाबाचं एकक) फरक म्हणजे सुमारे १३ मीटर, आणि तेवढा फरक सकाळ-संध्याकाळमध्येही पडतो. म्हणूनच जमेल तिथे लेहसारख्या ठिकाणी एक दाबमापक रोज ठरल्या वेळी वाचत ठेवायचे आणि प्रवासातल्या नोंदी त्याच्याशी ताडून बघायचे.

आता मघाचा हिशेब आठवा. ३० मीटरची चूक, किलोमीटरला २ मीटरचा उतार: समोच्च रेषा १५ किलोमीटर इकडे की तिकडे? अशा उंच्यांवरून समोच्च रेषा काढताच येत नाहीत. म्हणून नैनसिंगांच्या वाटेचा नकाशा म्हणजे रिकाम्या कागदावरची एक रेष: मुक्काम, तळी, वाटेतल्या उंच्या, ताऱ्यांवरून काढलेले अक्षांश आणि दोन्ही बाजूंना दिसलेल्या डोंगररांगांचा अंदाज. तरीही त्या रेषेने युरोपातल्या नकाशांतली मोठी पोकळी भरली. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं.

पाणी समुद्राला मिळत नाही तेव्हा

सपाटीचा आणखी एक त्रास आहे, आणि त्याची किंमत फार मोठी मोजावी लागली. आपल्याकडे नकाशा वाचताना पाणलोटाची रेषा सहज सापडते. सह्याद्रीच्या माथ्यावर एका बाजूचा थेंब अरबी समुद्राला, दुसऱ्या बाजूचा बंगालच्या उपसागराला. डोंगराळ मुलखात सरहद्द ठरवायची तर हीच रेषा सोयीची, आणि इंग्रजी अमदानीत तोच रिवाज होता.

चांगथांगच्या बऱ्याच भागात आणि अक्साई चिनमध्ये पाणी समुद्राला जातच नाही. ओढे खोलगट भागातल्या खाऱ्या तळ्यात उतरतात आणि तिथेच वाफ होऊन संपतात. एका खोलगट भागापलीकडे दुसरा, दुसऱ्यापलीकडे तिसरा, मध्ये कधी ठसठशीत रांग, कधी नजरेला न जाणवणारा उंचवटा. मग मुख्य पाणलोट कुठला? सिंधूकडे जाणारं पाणी जिथे संपतं तो, की पार पलीकडे तारीमच्या वाळवंटाकडे जाणारं पाणी जिथे सुरू होतं तो? दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि त्या दोन रेषांच्या मध्ये हजारो चौरस किलोमीटर जमीन राहते.

सर्वेक्षण विभागातला डब्ल्यू. एच. जॉन्सन १८६५ मध्ये लेहहून चांग चेन्मो, लिंगझी थांग आणि अक्साई चिन ओलांडून आजच्या शिंजियांगमधल्या खोतानला गेला. त्याच्या कामावर आधारलेली, उत्तरेला कुनलुन पर्वतरांगेच्या बाजूने जाणारी रेषा पुढे जॉन्सन रेषा म्हणून ओळखली गेली. १८९९ मध्ये ब्रिटिशांनी चीनपुढे ठेवलेला प्रस्ताव त्याहून बराच अलीकडे, लडाखच्या बाजूला असलेल्या रांगांवरून जात होता. जमिनीवर खांब मात्र कुठल्याच रेषेवर रोवले गेले नाहीत. १९५७ मध्ये चीनने याच सपाटीवरून शिंजियांग-तिबेट रस्ता पूर्ण केला, आणि पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. भारताच्या अधिकृत नकाशात अक्साई चिन लडाखचाच भाग आहे, ताबा चीनकडे आहे. या वादाला राजकारण जबाबदार आहेच. पण इतक्या विस्तीर्ण मुलखात एका उन्हाळ्यात, फळा आणि कोनमापक घेऊन फिरलेल्या माणसाच्या कागदावर किती भार टाकायचा, हा प्रश्नही राहतो.

आकाशातून बघितल्यावर तरी?

२००० सालच्या फेब्रुवारीत नासाच्या एंडेव्हर अवकाशयानाने अकरा दिवसांत उत्तरेला ६० अंशांपासून दक्षिणेला ५६ अंशांपर्यंतच्या जमिनीची उंची रडारने टिपली. यानात एक अँटेना, ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला दुसरी. जमिनीवरून परतलेली लहर दोघींकडे किंचित पुढेमागे पोचते आणि त्या फरकातून उंची निघते. एसआरटीएम या नावाने ही माहिती आज कोणालाही फुकट मिळते, दर ३० मीटरला एक उंची. भारताचा कार्टोसॅट-१ हा उपग्रह ५ मे २००५ ला अवकाशात गेला, त्याची तऱ्हा वेगळी. त्याच्यावर दोन कॅमेरे होते, एक पुढे झुकलेला, एक मागे. एकच जागा दोन कोनांतून टिपली जाते. नाकासमोर अंगठा धरून आलटून-पालटून एकेक डोळा मिटा. अंगठा जितका जवळ तितका जास्त सरकतो. शिखर दरीपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ असतं, म्हणून दोन चित्रांत ते जास्त सरकलेलं दिसतं. सरकणं मोजलं की उंची मिळाली.

लडाख या दोन्हींसाठी सोयीचं असायला हवं. ढग नाहीत. झाडं नाहीत: कोयनेच्या जंगलात रडार झाडांच्या शेंड्यांची उंची सांगतं, इथे थेट जमिनीची. आणि बरंचसं काम खरंच सुंदर होतं. पण रडार तिरपं बघतं, त्यामुळे उभ्या कड्यांच्या आड सावल्या पडतात आणि माहितीत भोकं राहतात. कोरड्या बर्फात लहर काही मीटर आत शिरते आणि हिमनदी आहे त्याहून खाली दिसते. कार्टोसॅटच्या चित्रांत संगणकाला दोन्हीकडे तोच दगड, तीच घडी ओळखावी लागते. मिठाचा पांढरा थर, ताजं बर्फ, एकसारखी वाळू यांत ओळखायचं काय?

म्हणजे इथेही अडकतं ते सपाटीपाशीच. रडारच्या आकड्यांत काही मीटरचा थरथराट असतोच. डोंगरावर तो जाणवत नाही. मैदानावर मात्र संगणकाकडून दहा-दहा मीटरच्या समोच्च रेषा काढून घेतल्या की अमिबासारखी वेडीवाकडी बेटं उमटतात, शेकड्याने. त्यातली बहुतेक जमिनीवर नसतातच. अनुभवी माणूस ती पुसतो, तळ्यांचे पृष्ठभाग सपाट करून घेतो. २०१८ मध्ये अवकाशात गेलेला आइससॅट-२ हा उपग्रह लेसरने उंची मोजतो, त्याच्याशी ताळा करून बघता येतो.

शिवाय जीपीएसची गंमत. उपग्रह उंची देतात ती समुद्रापासून नव्हे, पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत आकारापासून. भारतात समुद्रसपाटी या आकाराच्या खाली आहे. दुरुस्ती न करता यंत्राचा कच्चा आकडा घेतला तर मुंबईच्या चौपाटीवर तुम्ही उणे साठेक मीटरवर असता. लडाखमध्ये हा फरक कमी आहे, पण सोडून देण्याइतका नाही, आणि पर्वतांचं वस्तुमान ओळंब्यालाही आपल्याकडे खेचत असल्याने तो जागोजागी बदलतो. मैदानावरच्या समोच्च रेषेचं काय होईल ते आता सांगायला नको.

शीट हातात आली तर

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकांत पुणे ४७ एफ/१४ वर येतं आणि लेह ५२ एफ/१२ वर. पूर्व लडाखमधलं हानले ५२ एल मध्ये. सीमेलगतच्या शीट सर्वसामान्यांना मिळणं कायम दुरापास्त होतं. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्राने नकाशांच्या माहितीवरची बंधनं बरीच सैल केली, तरी संवेदनशील भागांचे नियम आहेतच.

शीट मिळालीच तर उंचीच्या आकड्यांची जात बघा. बी-एम (बेंचमार्क) अशी इंग्रजी अक्षरं असलेला आकडा लेव्हलिंगचा, सर्वांत भरवशाचा. छोट्या त्रिकोणाशेजारचा आकडा कोन मोजून काढलेला. नुसत्या ठिपक्याशेजारचा त्याहून कच्चा. समोच्च रेषा तुटक असेल तर ती अंदाजाची. ओढा निळा असेल तर पाणी, काळा असेल तर कोरडं पात्र. लडाखच्या शीटवर काळे ओढे भरपूर. हिरवा रंग जवळजवळ नाही. जुन्या शीटवर मुक्कामाच्या जागा वेगळ्या लिहिलेल्या सापडतात, कारण काफिल्याला गाव नव्हे, गवत, सरपण आणि गोडं पाणी कुठे मिळेल हे हवं असे.

समासातलं सर्वेक्षणाचं सालही वाचा. या पठारावरची बरीच बंदिस्त तळी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वाढतायत. तिबेटातलं सिलिंग त्सो तर वाढत वाढत नाम त्सोपेक्षा मोठं झालं. किलोमीटरला दोन मीटर उताराच्या काठावर पाणी एक मीटर चढलं की काठ अर्धा किलोमीटर मागे सरतो. जुन्या शीटवरच्या काठाशेजारून काढलेली वाट त्यामुळे चिखलात संपू शकते.

आणि शीट नाहीच मिळाली तर एसआरटीएमची माहिती उतरवून क्यूजीआयएससारख्या नकाशाच्या फुकट संगणक-प्रणालीत स्वतः समोच्च रेषा काढता येतात. डोंगराळ भागासाठी ४० मीटरचं अंतर ठेवलं तर नकाशा छान वाचता येतो. मैदान बारकाईने दिसावं म्हणून ते ५ मीटरवर आणायचा मोह होतो. आणू नका. दिसेल तो थरथराट असेल, जमीन नव्हे. मैदानासाठी समोच्च रेषा बाजूला ठेवून उपग्रहाचं ताजं चित्र उघडा आणि ओलीची गडद छटा, मिठाचा पांढरा पट्टा, गाड्यांच्या चाकोऱ्या कुठून गेल्यात ते बघा.